एन्रिको मित्सी: मातृभाषेसाठी न लढलेला माल्टाचा राष्ट्रवादी नेता

सप्टेंबर १९५० मध्ये माल्टाच्या पंतप्रधानपदाची शपथ घेतली तेव्हा एन्रिको मित्सी पासष्ट वर्षांचे होते. ज्या ब्रिटिश राजवटीत त्यांनी ही शपथ घेतली, तिनेच १९१७ मध्ये त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून सक्तमजुरी सुनावली होती आणि १९४२ मध्ये कोणताही खटला न चालवता बोटीत घालून युगांडाला हद्दपार केले होते. पंतप्रधानपद त्यांच्याकडे तीन महिनेही राहिले नाही. त्याच वर्षी २० डिसेंबरला, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले.

राजद्रोहाचा आरोप, शिक्षा, हद्दपारी आणि अखेर सत्ता हा क्रम आपल्या वाचकाला अनोळखी नाही. मित्सींच्या चरित्रात मात्र एक पेच आहे. हा नेता आयुष्यभर ज्या भाषेसाठी भांडला ती माल्टातील सामान्य माणसाची भाषा नव्हतीच. ती इटालियन होती. उलट माल्टी ही खरी लोकभाषा शाळेत आणि न्यायालयात आणण्याचा आग्रह धरणारे त्यांचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी साम्राज्याचे निष्ठावंत होते. राष्ट्रवादी म्हणजे मातृभाषेचा कैवारी, ही आपल्या मनात पक्की बसलेली जोडी इथे सरळ उलटी होते. ती का उलटली हे समजले तर मित्सी समजतात, आणि त्यासाठी आधी या बेटाकडे पाहावे लागते.

सिसिलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या मध्यावर असलेल्या माल्टा, गोझो आणि इतर लहान बेटांचे मिळून क्षेत्रफळ जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर भरते. १५३० ते १७९८ या काळात तिथे सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांची सत्ता होती. नेपोलियनने त्यांना हुसकावले, फ्रेंचांना माल्टी लोकांनी ब्रिटिशांच्या मदतीने हुसकावले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने ही बेटे रीतसर ब्रिटिशांकडे गेली. आपण जिंकले गेलो नाही, स्वतःहून ब्रिटिश छत्राखाली गेलो, हा मुद्दा माल्टी पुढारी पुढे दीडशे वर्षे मांडत राहिले. लंडनच्या लेखी मात्र माल्टा हा आधी एक किल्ला आणि नौदलाचा तळ होता आणि त्यात माणसे राहतात ही बाब दुय्यम होती. किल्ल्याला संसद कशाला हवी, असा हा साधा सरळ विचार होता.

भाषेची परिस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. घरात, बाजारात आणि शेतात सगळे माल्टी बोलत. ही भाषा मध्ययुगात सिसिलीत बोलल्या जाणाऱ्या अरबीतून आलेली आहे, पण तिने सिसिलियन आणि इटालियन शब्दांचा प्रचंड भरणा करून घेतला आणि ती लिहिली जाते रोमन लिपीत. तिच्यात सूर्याला ‘शेम्श’ म्हणतात आणि शाळेला ‘स्कोला’. कट्टर कॅथलिक असलेला माल्टी माणूस चर्चमध्ये देवाला ‘अल्ला’ म्हणूनच हाक मारतो आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला ‘रंदान’ म्हणतो. परंतु या भाषेत कोणी कायदा लिहीत नसे, निकाल देत नसे आणि एकोणिसाव्या शतकात तिचे लेखनही एकसारखे नव्हते. न्यायालय, विद्यापीठ, धर्मपीठ आणि सुशिक्षितांचा पत्रव्यवहार हे सर्व इटालियनमध्ये चाले, आणि ही प्रथा ब्रिटिश येण्याच्या कितीतरी आधीपासूनची होती. म्हणजे माल्टी ही घरची, इटालियन ही वहिवाटीची आणि इंग्रजी ही सरकारची भाषा, अशी ही तीन थरांची रचना होती.

या रचनेला पहिला धक्का १८८० च्या सुमारास बसला. पॅट्रिक कीनन या शिक्षणतज्ज्ञाने शाळांची पाहणी करून इटालियनऐवजी इंग्रजीवर भर देण्याची शिफारस केली. तिच्या विरोधात जो पक्ष उभा राहिला त्याचे नावच ‘सुधारणाविरोधी पक्ष’ असे होते. त्याचे संस्थापक फॉर्तुनातो मित्सी हे वकील होते आणि एन्रिको हे त्यांचे पुत्र. आजच्या कानाला पक्षाचे हे नाव फारसे भूषणावह वाटणार नाही, पण ज्याला लंडनहून ‘सुधारणा’ म्हटले जाते तो आपला हक्क काढून घेण्याचा मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची कारणे पोकळ नव्हती. माल्टाचे दिवाणी कायदे रोमन परंपरेतले आणि इटालियनमध्ये लिहिलेले होते. ती भाषा गेली तर स्थानिक वकील, न्यायाधीश आणि कारकून यांचे स्थान जाईल आणि त्यांच्या जागी इंग्रज येतील, ही भीती होती. धर्माचाही प्रश्न होता, कारण इंग्रजीच्या पाठोपाठ प्रोटेस्टंट पंथ येईल असे धर्मगुरूंना वाटत होते. या सगळ्याच्या मुळाशी मात्र एक राजकीय युक्तिवाद होता: माल्टा हा जुन्या युरोपीय संस्कृतीचा वारसदार आहे, म्हणून स्वशासन हा त्याचा हक्क आहे. इटालियन हा त्या वारशाचा पुरावा होता. पुरावा नष्ट झाला तर उरतो तो केवळ तळ.

यात वर्गाचा स्वार्थ नव्हता असे म्हणता येणार नाही. इटालियन सफाईने वापरणारे लोक मूठभर होते आणि तेच सत्तेच्या जवळ होते. गोदीतल्या कामगाराला किंवा परदेशी स्थलांतर करू पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजीचा उपयोग उघड दिसत होता. मुलाने इंग्रजी शिकावी की इटालियन, हे ठरवण्याची मुभा पालकांना मिळाली तेव्हा बहुतेकांनी इंग्रजी निवडली. राष्ट्रवाद्यांना या निवडीचे समाधानकारक उत्तर कधीच देता आले नाही.

एन्रिको यांचा जन्म २० सप्टेंबर १८८५ रोजी राजधानी व्हॅलेटा येथे झाला. दोन वर्षांनी, १८८७ मध्ये, वडिलांच्या खटपटीला मोठे यश आले आणि कायदेमंडळात निवडून आलेल्या सदस्यांचे बहुमत असेल अशी राज्यघटना माल्टाला मिळाली. या मागणीसाठी लंडनला गेलेल्या फॉर्तुनातो मित्सींसोबत जेराल्ड स्ट्रिकलँड नावाचा एक तरुण होता. त्याचे वडील ब्रिटिश नौदल अधिकारी आणि आई माल्टी उमराव घराण्यातली होती. हेच स्ट्रिकलँड पुढे सरकारच्या बाजूला गेले, माल्टाचे मुख्य सचिव झाले, टास्मानिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि न्यू साउथ वेल्स या तीन ऑस्ट्रेलियन राज्यांचे गव्हर्नर होऊन आले आणि मायदेशी परतून एन्रिको मित्सींचे कट्टर विरोधक बनले. वडिलांचा सहप्रवासी मुलाच्या वाट्याला शत्रू म्हणून यावा, हा योग लहान बेटावरच शक्य आहे.

१८८७ ची घटना १९०३ मध्ये काढून घेण्यात आली. इंग्रजी आणि इटालियन यांच्या वादात निवडून आलेले सदस्य सरकारची शिक्षणविषयक अंदाजपत्रके अडवू लागले, तेव्हा लंडनने बहुमत पुन्हा सरकारनियुक्त सदस्यांच्या हाती दिले. दोन वर्षांनी फॉर्तुनातो वारले. घटना दिली जाते आणि गैरसोयीची झाली की काढून घेतली जाते, हा धडा मुलाने विशीच्या आत शिकला होता. त्याने कायद्याचे शिक्षण रोम आणि उर्बिनो येथे घेतले आणि इटलीविषयीचे प्रेम तिथे आणखी घट्ट झाले. १९१५ मध्ये गोझो बेटातून ते कायदेमंडळावर निवडून आले.

पहिले महायुद्ध चालू असताना, मे १९१७ मध्ये, त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. त्यांच्या लिखाणात सरकारविरोधी मजकूर सापडला होता. लक्षात घेण्यासारखे हे की तेव्हा इटली ब्रिटनच्या बाजूने लढत होती, त्यामुळे इटलीचे प्रेम हा शत्रूला सामील होण्याचा प्रकार मुळीच नव्हता. लष्करी न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली, पण गव्हर्नर लॉर्ड मेथ्यूएन यांनी ती कमी करून कडक ताकीद देण्यावर प्रकरण मिटवले. वकिलीची सनद काही काळ गेली, मग परत मिळाली. शिक्षा भोगावी लागली नाही. मात्र ‘धोकादायक माणूस’ ही नोंद सरकारदप्तरी कायमची झाली.

युद्ध संपल्यावर महागाईने बेट पेटले. ७ जून १९१९ रोजी, स्वराज्याच्या मागणीसाठी फिलिप्पो शेबेरास यांनी बोलावलेल्या राष्ट्रीय सभेची बैठक व्हॅलेटात चालू असताना रस्त्यावर दंगल झाली, सैन्याने गोळीबार केला आणि चार माल्टी माणसांचे प्राण गेले. पावाचा भाव हे तात्कालिक कारण होते. माल्टात हा दिवस आजही राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. या घटनेनंतर लंडनने हालचाल केली आणि वसाहत खात्याचे उपमंत्री लिओपोल्ड एमरी यांनी माल्टाला येऊन नव्या घटनेची आखणी केली. हे एमरी म्हणजे १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या वेळी लंडनमध्ये भारतमंत्री असलेलेच एमरी.

१९२१ ची ही घटना मराठी वाचकाला चटकन समजावी, कारण तिचे तत्त्व आपल्याकडच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतल्या द्विदल राज्यपद्धतीचेच होते. मुंबई इलाख्यात एकाच प्रांतिक सरकारातली काही खाती मंत्र्यांकडे ‘सोपीव’ म्हणून दिली गेली आणि उरलेली ‘राखीव’ राहिली. माल्टात एक पाऊल पुढे टाकून जणू दोन स्वतंत्र सरकारेच शेजारी शेजारी उभी केली गेली: शिक्षण, शेती, कर अशा स्थानिक कारभारासाठी निवडून आलेले मंत्रिमंडळ आणि त्याचा प्रमुख, तर संरक्षण, नौदल, परराष्ट्र व्यवहार अशा विषयांसाठी फक्त गव्हर्नर. भाषेबाबत इंग्रजी आणि इटालियन या दोन्ही अधिकृत ठरल्या आणि माल्टीला सामान्य लोकांच्या सोयीपुरते स्थान मिळाले. १ नोव्हेंबर १९२१ रोजी या नव्या संसदेचे उद्घाटन प्रिन्स ऑफ वेल्स यांनी केले आणि तिथून निघालेली त्यांची युद्धनौका १७ नोव्हेंबरला मुंबईच्या धक्क्याला लागली. मुंबईत बहिष्कार आणि दंगलीने त्यांचे स्वागत झाले हे आपल्याला ठाऊक आहेच.

पहिल्या निवडणुकीत मित्सींच्या लोकशाही राष्ट्रवादी पक्षाला बत्तीसपैकी चारच जागा मिळाल्या. इटालियनच्या बाजूचे पण त्यांच्याहून मवाळ असे लोक दुसऱ्या पक्षात होते आणि उगो मिफ्सूद हे त्यांचे नेते बनले. १९२६ मध्ये हे दोन पक्ष एक झाले आणि त्यातून माल्टाचा राष्ट्रवादी पक्ष उभा राहिला, जो आजही तिथल्या दोन प्रमुख पक्षांपैकी एक आहे. मिफ्सूद सौम्य आणि व्यवहारी होते. मित्सी तत्त्वाला चिकटणारे, भाषणात आक्रमक आणि तडजोडीत कच्चे. पक्षाला दोघांचीही गरज होती, असे मला वाटते.

१९२७ मध्ये स्ट्रिकलँड मजूर पक्षाच्या पाठिंब्याने पंतप्रधान झाले. त्यांचे धोरण इंग्रजी आणि माल्टी वर, इटालियन बाहेर असे होते. राष्ट्रवाद्यांच्या मते माल्टीचा हा पुळका खोटा होता. इटालियनला बाजूला सारण्यासाठी माल्टीला पुढे करायचे आणि ती एकटी कारभार पेलू शकत नाही असे दिसले की सर्वत्र इंग्रजी बसवायची, असा हा डाव असल्याचा त्यांचा आरोप होता. सरकारी हेतूंपुरता तो बऱ्याच अंशी खरा मानावा लागेल. पण त्यामुळे माल्टी बोलणाऱ्या गरिबाला न्यायालयात स्वतःवरचा आरोप स्वतःच्या भाषेत ऐकण्याचा हक्क नाकारण्याचे समर्थन होत नाही. मित्सींची बाजू इथे लंगडी पडते, कारण ज्या लोकांच्या हक्कासाठी ते लढत होते त्या लोकांचीच भाषा त्यांनी दुय्यम मानली. माल्टी लेखकांनी मात्र १९२० मध्ये स्वतःची संघटना स्थापून पुढच्या काही वर्षांत वर्णमाला निश्चित केली आणि ही भाषा लिहिण्याजोगी नाही हा आक्षेप कामातूनच खोडून काढला.

स्ट्रिकलँड यांचा घात भाषेने केला नाही, चर्चने केला. त्यांचे धर्मगुरूंशी भांडण विकोपाला गेले आणि मे १९३० मध्ये माल्टा आणि गोझो इथल्या बिशपांनी स्ट्रिकलँड व त्यांच्या साथीदारांना मत देणे हे महापाप असल्याचे पत्रक काढले. निवडणूक स्थगित झाली. ती १९३२ मध्ये झाली तेव्हा राष्ट्रवादी पक्षाने बत्तीसपैकी एकवीस जागा जिंकल्या. मिफ्सूद पंतप्रधान झाले आणि मित्सींकडे शिक्षण खाते आले. तोपर्यंत लंडनने प्राथमिक शाळांतून इटालियन काढून टाकली होती. शिक्षणमंत्री मित्सींनी तिला मागच्या दाराने परत आणण्याचा प्रयत्न केला, सरकारने इशारे दिले आणि नोव्हेंबर १९३३ मध्ये मंत्रिमंडळ बरखास्त होऊन घटना स्थगित झाली. वडिलांच्या वेळचा प्रकार तीस वर्षांनी जसाच्या तसा घडला. १९३४ मध्ये माल्टी भाषेला इंग्रजीच्या जोडीने अधिकृत दर्जा मिळाला आणि न्यायालयांतून इटालियन गेली.

या काळात इटलीही बदलली होती. मुसोलिनीची राजवट माल्टा आपला असल्याचे उघड सांगत होती, आणि पूर्वी दांतेची भाषा वाटणारी इटालियन आता अनेकांना फॅसिस्टांची भाषा वाटू लागली. मित्सींनी या बदलाची पुरेशी दखल घेतली नाही, हा त्यांच्या राजकारणावरचा सर्वांत जड आक्षेप आहे.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. इटलीने युद्ध पुकारण्याच्या अकरा दिवस आधी, ३० मे १९४० रोजी, मित्सींना संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले गेले. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते आणि खटलाही चालला नाही. त्यांच्यासारख्या स्थानबद्धांत माल्टाचे सरन्यायाधीश आर्तुरो मेर्चेका हेही होते, हे सांगितले म्हणजे संशयाचे जाळे किती वरपर्यंत पोचले होते ते कळते. ११ जूनपासून बेटावर इटालियन बॉम्ब पडू लागले आणि सामान्य माल्टी माणसाच्या मनात इटालियनविषयी उरलेले ममत्वही त्या ढिगाऱ्यांखाली गेले.

फेब्रुवारी १९४२ मध्ये या स्थानबद्धांना बेटाबाहेर पाठवण्याचे ठरले. कायदेमंडळात या ठरावाविरुद्ध बोलताना उगो मिफ्सूद जागीच कोसळले आणि दोन दिवसांनी वारले. ब्रिटिश प्रजाजनाला त्याच्याच भूमीतून असे घालवता येत नाही, हा त्यांचा कायदेशीर मुद्दा होता. तरीही चाळीसहून अधिक माणसांना ‘ब्रेकनशायर’ या जहाजावर चढवून, बॉम्बफेकीच्या छायेत, आधी इजिप्तला आणि तिथून युगांडातील बोम्बोच्या छावणीत नेण्यात आले. हेच जहाज पुढच्याच महिन्यात माल्टाच्या किनाऱ्यावर बॉम्ब लागून बुडाले. मे महिन्यात माल्टाच्या अपील न्यायालयाने ही हद्दपारी बेकायदा ठरवली, पण तोवर कैदी हजारो किलोमीटर दूर गेले होते आणि निकालामुळे कोणीही परत आणला गेला नाही.

यातील सर्वांत न पटणारी गोष्ट पुढे आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, इटालियन आरमार माल्टाच्याच बंदरात येऊन उभे राहिले आणि तिथेच, ‘नेल्सन’ या ब्रिटिश युद्धनौकेवर, शस्त्रसंधीच्या सविस्तर करारावर सह्या झाल्या. इटलीच्या बाजूने धोका आहे हे हद्दपारीचे एकमेव कारण होते आणि ते आता उरले नव्हते. तरी मित्सी मायदेशी परतले ते ८ मार्च १९४५ रोजी.

परतलेल्या मित्सींपुढे पक्ष जवळजवळ मोडून पडलेला होता. १९४५ च्या निवडणुकीत राष्ट्रवादी पक्ष उतरलाच नाही. १९४७ मध्ये माल्टाला पुन्हा स्वशासन मिळाले, स्त्रियांना मताधिकार आला आणि मजूर पक्षाने चाळीसपैकी चोवीस जागा जिंकून पॉल बॉफा यांना पंतप्रधान केले. राष्ट्रवादी पक्षाला सात जागा मिळाल्या. भाषेचा वाद संपला आहे हे आता पक्षाने कृतीतून मान्य केले. त्याच्या मागणीचा गाभा वसाहतींना मिळणारा डोमिनियनचा दर्जा हा झाला, जो त्याने १९३२ मध्येही मागितला होता. मग १९४९ मध्ये मजूर पक्षात बॉफा आणि डॉम मिंटॉफ यांच्या भांडणाने फूट पडली. १९५० च्या निवडणुकीत दोन्ही मजूर गटांना प्रत्येकी अकरा जागा मिळाल्या आणि राष्ट्रवादी पक्षाला बारा. एका जागेच्या आघाडीवर, अल्पमतातले सरकार घेऊन, मित्सी पंतप्रधान झाले.

तीन महिन्यांत त्यांना काही करून दाखवता येणे शक्य नव्हते. त्यांच्यानंतर पद त्यांच्याच मंत्रिमंडळातील जॉर्ज बोर्ज ऑलिव्हिए यांच्याकडे गेले आणि २१ सप्टेंबर १९६४ रोजी माल्टा स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधान तेच होते. स्वतंत्र माल्टाच्या राज्यघटनेत माल्टी ही राष्ट्रभाषा, तर माल्टी आणि इंग्रजी या अधिकृत भाषा आहेत. इटालियनला तिथे जागा नाही. पण १९५७ मध्ये सिसिलीकडून इटालियन दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण बेटावर पोचले आणि घरोघरीच्या गच्च्यांवर अँटेना उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मित्सींच्या काळात इटालियनचा गंधही नसलेल्या कामगारवस्त्यांतली मुले गाण्यांचे आणि खेळांचे कार्यक्रम पाहत पाहत ती भाषा शिकली.